कुवेताहून वर्ध्यास : १९९० सालच्या एका परतीच्या वाटेची हकिकत

आपल्या वर्धा जिल्ह्याचा इतिहास हा पुष्कळ अंशी वाटचालीचा इतिहास आहे. १९३६ साली महात्मा गांधी सेगावी येऊन राहिले, पुढे १९४० साली त्या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले आणि देशोदेशीची माणसे या काळ्या मातीच्या मुलुखाची वाट विचारीत येऊ लागली. १९५१ साली विनोबाजी येथूनच पायी निघाले व तेलंगणात पोचमपल्ली येथे त्यांस भूदानाचा मार्ग सापडला. या वाटचालींवर ग्रंथ झाले, स्मारके उभी राहिली. तथापि याच जिल्ह्यातील साध्या संसारी माणसांनी पोटासाठी केलेले प्रवास कोणी लिहून ठेविले नाहीत. अशांपैकी एका प्रवासाची हकिकत आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या पुस्तकात नोंदवावी, असा आमचा हेतू आहे.

ही हकिकत आम्हांस प्रथम कशी भेटली ते सांगितले पाहिजे. २०१६ साली आम्ही या धर्मग्रामात पहिल्यांदा नेमणुकीवर होतो. जुन्या वह्या कसर लागून खराब होऊ लागल्या होत्या, म्हणून त्या उन्हात घालून पुन्हा बांधून घेण्याचे काम आम्ही हाती घेतले. बाप्तिस्म्याची वही, विवाहाची वही, मृतांची वही, अशा एकेक वह्या चाळता चाळता मिस्साच्या हेतूंची वही हाती आली. ज्या कारणासाठी भाविक मिस्सा सांगतात ते कारण व सांगणाऱ्याचे नाव तीत लिहिलेले असते. कोणाचा आजार, कोणाची परीक्षा, कोणाचा वर्षदिन. बहुतेक नोंदी अशाच. परंतु १९९१ पासून दर वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक नोंद सारखी येत होती : ‘वाटेत राहिलेल्या एका बहिणीसाठी.’ बहिणीचे नाव नाही. धर्मगुरू बदलले, वहीतले अक्षर बदलले, शाई निळ्याची काळी झाली. शब्द मात्र तेच राहिले. सांगणारे गृहस्थ आपल्याच धर्मग्रामातले, मोटार दुरुस्तीचे कारागीर, व त्यांस सख्खी वा चुलत बहीण नव्हती हे आम्हांस ठाऊक होते.

त्याच वर्षीच्या जानेवारीत कुवेतमधून भारतीयांची सुटका झाली त्या प्रसंगावर एक हिंदी चित्रपट निघाला होता. आपल्या गावातील तरुण मंडळी तो पाहून आली व या गृहस्थांस विचारू लागली की, काका, तुम्हीही तेथेच होता ना, मग सांगा की. ते हसून विषय टाळीत. एके संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो असता त्या नोंदीविषयी सहज विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले, व मग सर्व सांगितले. हे पापनिवेदन नव्हते. तसे असते तर आमच्या लेखणीतून एक अक्षरही उतरले नसते. उलट ते म्हणाले, “फादर, कधी देवळाचे पुस्तक निघाले तर यात छापा. माझे नाव मात्र घालू नका. तिचे नाव मला ठाऊक नाही, मग माझे तरी कशाला?” २०१९ साली ते प्रभूघरी गेले. त्यांच्या पत्नीच्या व कन्येच्या संमतीने आम्ही त्यांचा शब्द आज पाळीत आहोत.

आता थोडा पूर्वेतिहास. आखाती देशांशी आपला संबंध काल-परवाचा नव्हे. कुवेतच्या बाजारात भारतीय रुपया चालत असे; १९६१ साली त्या देशाने स्वतःचा दिनार काढला तेव्हा तो व्यवहार थांबला. इराकची भूमी तर मराठी माणसाने फार मोठी किंमत देऊन पाहिली आहे. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या नोव्हेंबरात पुण्याची सहावी डिव्हिजन फाव येथे उतरली. तीत मराठा पलटणीही होत्या. बसरा घेऊन ते सैन्य तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने गेले, मागे हटले, कुत येथे वेढ्यात सापडले व २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेले. कैद झालेल्या शिपायांपैकी पुष्कळ जण वाळवंटाच्या वाटेवर मेले. जी वाट आमच्या गृहस्थांनी मोटारीने कापली, ती अशी मराठी पावलांना आधीच ओळखीची होती.

१९७३ साली तेलाच्या किमती भडकल्या आणि आखातात इमारती, रस्ते, इस्पितळे झपाट्याने उभी राहू लागली. त्यासाठी हात हवे होते. केरळातून, गोव्यातून, आंध्रातून, मुंबई व वसईकडून माणसे निघाली. वऱ्हाड-नागपुराकडूनही थोडी गेली. परदेशी जाणाऱ्या मजुरांची फसवणूक होऊ नये म्हणून १९८३ साली आपल्या संसदेने उत्प्रवासाचा नवा कायदा केला. कायदा झाला तरी कामाच्या देशात मालकाने नोकराचे पारपत्र आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवण्याची रीत काही बंद झाली नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आमचे गृहस्थ १९८२ साली कुवेतला गेले. वर्ध्याच्या एका गॅरेजात ते काम शिकले होते. तेथे शुवैख भागातील एका गॅरेजात त्यांस काम मिळाले. १९९० च्या सुमारास एका कुवेती दिनारास साठाच्या आसपास रुपये येत. घरी पत्नी, दोन मुलगे व सर्वांत धाकटी कन्या. पैशांनी येथील कुडाचे घर विटांचे झाले, मोठा मुलगा नागपुरास शिकावयास गेला. तेथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. कुवेत शहरात १९६१ साली उभारलेले पवित्र कुटुंबाचे कथीद्रल आहे, तेथे ते शुक्रवारी मिस्सास जात. येसू, मरिया व योसेफ हे स्वतः एकदा परक्या देशात राहिलेले कुटुंब. त्यांच्या नावाच्या मंदिरात परदेशी राबणाऱ्यांची गर्दी व्हावी यात नवल ते काय!

१९९० च्या जूनमध्ये त्यांनी घरी पत्र धाडले की, नाताळास येतो व येताना रंगीत टेलिव्हिजन आणतो. हे वचन विशेषेकरून कन्येस दिलेले होते. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

२ ऑगस्ट १९९०, गुरुवार. पहाटेच्या अंधारात इराकी सैन्य सीमा ओलांडून कुवेतमध्ये शिरले व दिवस मावळण्यापूर्वी त्या देशाचे राज्य नाहीसे झाले. ६ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रसंघाने इराकशी व्यापार बंद केला; ८ ऑगस्टला इराकने कुवेत आपल्यात विलीन केल्याचे जाहीर केले. कुवेतमध्ये त्या वेळी पावणेदोन लाखांच्या घरात भारतीय होते. बँका बंद झाल्या, दुकाने लुटली गेली, परदेशचे टेलिफोन तुटले. आठ वर्षांच्या घामाचे दिनार बँकेच्या वहीत होते तसेच राहिले, आणि त्यांची किंमत रातोरात कागदाची झाली. पाश्चात्त्य देशांच्या नागरिकांस इराकने ओलीस धरले. भारतीयांस जाऊ दिले, पण विमानतळ व बंदर बंद, म्हणून जावयाचे ते जमिनीवरून.

इकडे वर्ध्यात त्यांची पत्नी रोज डाकघरात जाऊन पत्र आले का म्हणून विचारीत असे. आकाशवाणीच्या बातम्यांच्या वेळी शेजारचे लोक त्यांच्या अंगणात जमत. त्या वर्षी आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात होतो. सायंप्रार्थनेत आखातातील बांधवांसाठी एक विनंती आम्ही रोज म्हणत असू, आणि खरे सांगावयाचे तर म्हणता म्हणता आमचे लक्ष भोजनगृहाच्या घंटेकडे असे. ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यांतील एक जण पुढे आमच्यासमोर ओसरीवर बसेल, हे तेव्हा कोणास ठाऊक!

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांस भेटले. त्या भेटीत दोघांनी एकमेकांस आलिंगन दिल्याचे छायाचित्र जगभर छापले गेले व त्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण भारतीयांच्या परतीची वाट मोकळी झाली ती त्यानंतरच. कुवेतमधील भारतीयांनी आपापसांत समित्या करून याद्या केल्या, अन्न वाटले, बसगाड्या ठरविल्या. ज्यांच्यापाशी मोटार होती ते ओळखीच्या माणसांस घेऊन तांडे करून निघू लागले.

आमच्या गृहस्थांपाशी एक जुनी जपानी मोटार होती. मोडीत निघालेली ती गाडी त्यांनी स्वतःच्या हाताने सांधून चालती केली होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे सहा मोटारींचा तांडा निघावयाचा ठरला. त्यांची गाडी सर्वांत शेवटची, कारण वाटेत कोणाची गाडी बंद पडली तर कारागीर मागे असलेला बरा. पुढच्या आसनावर ते स्वतः व एक गोमंतकीय स्वयंपाकी. मागे केरळचा एक शिंपी, त्याची पत्नी व तिच्या मांडीवर तान्हे मूल. डिकीत पाण्याचे व पेट्रोलचे डबे, खुबूस, खजूर. मागच्या आसनाच्या उरलेल्या भागावर टेलिव्हिजनचा खोका, तो हलू नये म्हणून चादरीने बांधलेला.

गाडी सुरू केली तोच गल्लीच्या तोंडाशी एक बाई येऊन उभी राहिली. वय वीस-बावीस, हातात कापडाचे गाठोडे. समोरच्या इमारतीत ती घरकामास होती. आंध्राकडची, हिंदी मोडके. तिचे मालक उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी गेले ते तिकडेच अडकले, व तिचे पारपत्र त्यांच्या कपाटात. ती एवढेच म्हणाली की, भैया, मलाही न्या.

शिंपी म्हणाला, हिच्यापाशी कागद नाही, चौकीवर हिच्याबरोबर आपणांसही अडवतील. स्वयंपाकी काही बोलला नाही. आमच्या गृहस्थांनी तिला सांगितले, “मागून दुसरी गाडी येते आहे, तीत जागा आहे.” आणि गाडी हाकली.

मागून कोणतीच गाडी येत नव्हती. त्यांची शेवटची होती.

“फादर,” ते आम्हांस म्हणाले, “कागदाची भीती होती हे खोटे नाही. पण कागदाची भीती शिंप्याने बोलून दाखविली, मी नव्हे. मी आरशात पाहिले तर मला तो खोका दिसला. खोका काढला असता तर ती बसली असती. हे मला त्याच क्षणी कळले होते.”

येथून पुढची वाट सांगावयाची तर ती पवित्र शास्त्राच्या नकाशावरून बोट फिरविल्यासारखी आहे. कुवेत शहरातून उत्तरेस मुतला टेकडी, मग सफवानची चौकी, मग बसरा. इराण-इराक युद्ध १९८८ साली थांबले त्याला दोनच वर्षे झाली होती. बसऱ्याच्या भिंतींस तोफांची भोके तशीच होती व पुष्कळ खजुरीची झाडे शेंड्यावाचून उभी होती. सफवानच्या चौकीवर शिपायाने गाडीत डोकावून सिगारेटी मागितल्या, त्या घेतल्या व जाऊ दिले. पाचांपैकी कोणाचेही पारपत्र त्याने उघडून पाहिले नाही. हे सांगताना आमच्या गृहस्थांचा आवाज इतका खाली गेला की आम्हांस पुन्हा विचारावे लागले.

बसऱ्याहून बगदादकडे जाणारा महामार्ग नासिरियाच्या बाजूने जातो. तेथून जवळच ऊर नगराचे अवशेष आहेत, जेथून अब्राहाम देवाच्या शब्दावर घर सोडून निघाला. पुढे हिल्ल्यापाशी बाबेल. ख्रिस्तपूर्व ५८६ साली यरुशलेम पडले तेव्हा यहुदी लोकांस बंदी करून आणले ते याच नद्यांच्या काठी, आणि ख्रिस्तपूर्व ५३८ साली पारसिक राजा कोरेश याने त्यांस परत जाण्याची मोकळीक दिली ती येथूनच. आपण चांदा धर्मप्रांताचे लोक. १९६२ साली नागपूरच्या धर्मप्रांतातून वेगळे होऊन आपण सिरो-मलबार परंपरेच्या छायेखाली आलो. त्या परंपरेच्या उपासनेची मुळे बगदादजवळच्या सेल्युकिया-टेसिफोन येथील प्राचीन ख्रिस्तसभेत आहेत, व कित्येक शतके तिकडूनच बिशप समुद्रमार्गे मलबारास येत असत. अशा भूमीतून आपला एक माणूस गेला! आम्ही उत्साहाने हे सर्व त्यांस ऐकविले. ते शांतपणे म्हणाले, “असेल, फादर. मला फक्त मागचा रस्ता दिसत होता.”

कुवेत ते बगदाद हे अंतर सातशे किलोमीटरांच्या आसपास. उष्णता इतकी की, दुपारी गाडीच्या दारास हात लावता येत नसे. एका गाडीचे पाण्याचे नळ फुटले ते त्यांनी कापड व तार गुंडाळून बंद केले. दुसरीचा पट्टा तुटला तो शिंप्याच्या पत्नीने दिलेल्या ओढणीचा पीळ करून भागविला. बगदादला कागदपत्रांसाठी चार दिवस गेले. मग पश्चिमेस रमादी, रुतबा, व त्रेबिलची सीमा. त्या पट्ट्यात पाचशेहून अधिक किलोमीटर वाळवंटावाचून दुसरे काही नाही.

जॉर्डन हा लहान देश; त्याच्या दारात अल्पावधीत लाखो निराश्रित येऊन पडले. इजिप्तचे, बांगलादेशचे, फिलिपाइन्सचे, श्रीलंकेचे, भारताचे. ऑगस्टच्या उत्तरार्धात तर गर्दी आवरेना म्हणून त्या देशाने आपली सीमा काही काळ बंदही केली होती. दोन चौक्यांच्या मधल्या ओसाड पट्टीत तंबू पडले. पाण्याचे टँकर येत, त्यांभोवती झुंबड होई. लाल चंद्रकोर संस्थेचे व इतर मदतकार्याचे लोक रात्रंदिवस राबत. आमचे गृहस्थ त्या तंबूंत नऊ दिवस होते. रात्री थंडी व दिवसा आग, विंचू फार. शिंप्याचे मूल हगवणीने हैराण झाले, तेव्हा शेजारच्या तंबूतील एका बांगलादेशी स्त्रीने आपल्या वाट्याचे पाणी त्यास दिले.

सीमेवर मोटार सोडावी लागली. पुढे बसगाडीने जावयाचे व हातात मावेल तेवढेच सामान न्यावयाचे. शेकडो मोटारी तेथे वाळूत उभ्या होत्या, कित्येकींच्या किल्ल्या तशाच लावलेल्या. त्यांनीही किल्ली गाडीतच ठेविली. टेलिव्हिजनचा खोका त्यांनी उतरवून वाळूवर ठेविला, एका जॉर्डनी बसचालकास फुकट देऊ केला. त्याने तोही घेतला नाही. ज्या वस्तूसाठी माणूस मागे ठेविले ती वस्तू अकरा-बारा दिवसांत फुकटसुद्धा जाईना. इतिहास लिहिणाराने उपदेश करू नये असे आमचे गुरू सांगत, म्हणून आम्ही येथे थांबतो.

अम्मानमध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. ज्यांच्यापाशी पारपत्र नव्हते अशांस आपल्या वकिलातीची माणसे तात्पुरता कागद करून देत होती. रांगेत घरकाम करणाऱ्या बायाही होत्या. त्या रांगेत त्यांनी तिला शोधले. ती नव्हती. निदान त्यांस दिसली नाही.

१३ ऑगस्टपासून ११ ऑक्टोबरपर्यंत, ५९ दिवसांत, एअर इंडियाने अम्मानहून मुंबईस ४८८ फेऱ्या करून एक लाखाहून अधिक माणसे घरी आणिली. नागरी विमानांनी केलेली एवढी मोठी सुटका पूर्वी झाली नव्हती, व गिनेसच्या पुस्तकात तिची नोंद आहे. ज्या वैमानिकांनी, अधिकाऱ्यांनी व कुवेतमधील समित्यांच्या कार्यकर्त्यांनी हे काम केले त्यांचे ऋण मोठे आहे, व त्यात काडीमात्र उणे काढण्याचा आमचा हेतू नाही. परंतु वाचकहो, या आकड्यांत विमानात चढलेली माणसे मोजली आहेत. विमानापर्यंतची दीड हजार किलोमीटरांची वाट ज्याने त्याने आपल्या गाडीने, आपल्या हिमतीने, आणि आपल्या मनाच्या मोठेपणाने वा लहानपणाने कापिली. त्या वाटेचा हिशेब कोणत्याच पुस्तकात नाही.

मुंबईहून वर्धा रेल्वेने सुमारे ७६० किलोमीटर. निघाल्यापासून चोविसाव्या दिवशी पहाटे ते वर्ध्याच्या स्थानकावर उतरले. दाढी वाढलेली, अंगावर कोणी दिलेला सदरा, हातात प्लास्टिकची पिशवी. कन्या आज चाळिशीच्या पुढे आहे, ती सांगते : “मी बाबांना ओळखलेच नाही. आणि ओळखल्यावर पहिला प्रश्न विचारला तो टीव्ही कुठे आहे असा. बाबा खाली बसले आणि रडू लागले. आईने मला मारले. मला वाटले, टीव्ही हरवला म्हणून ते रडतात.” तो खोका कोठे राहिला व त्यापायी काय राहिले हे तिला कळले ते बाबांच्या शेवटच्या आजारपणात.

पुढे १७ जानेवारी १९९१ रोजी आखाती युद्ध पेटले व फेब्रुवारीच्या अखेरीस कुवेत मुक्त झाले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने नुकसानभरपाईसाठी एक आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या उत्पन्नाचा हिस्सा कापून पीडितांस पैसे द्यावयाचे, अशी ती योजना. २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात ज्यांस इराक वा कुवेत सोडावे लागले, त्यांस केवळ सोडावे लागले म्हणून ठराविक रक्कम : एकट्यास २,५०० डॉलर, व दुसऱ्या कोणत्या प्रकारात मागणी करणार नसेल तर ४,०००. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने अर्जांसाठी वेगळा कक्ष उघडला होता. हा आयोग तीस वर्षांवर चालला. त्याने एकंदर ५,२४० कोटी डॉलर वाटले व शेवटचा हप्ता २०२२ च्या जानेवारीत कुवेतला दिला. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात हानीची किंमत इतक्या बारकाईने लाखो सामान्य माणसांस मिळाल्याचे उदाहरण विरळाच.

आमच्या गृहस्थांसही काही वर्षांनी रक्कम मिळाली. तीतून त्यांनी जुनी जीप घेतली व सेवाग्रामचे रेल्वे स्थानक व कस्तुरबा रुग्णालय यांच्या दरम्यान रोग्यांची ने-आण सुरू केली. त्या रुग्णालयात आदिलाबादकडचे तेलुगू बोलणारे रोगी पुष्कळ येतात. अशा कोणाचे भाडे ते माफ करीत असत असे मात्र नव्हे. चोख घेत, कारण घर चालवावयाचे होते. परंतु त्यांच्या गाडीचा एक नियम सर्वांस माहीत होता : सामान टपावर, आसनावर फक्त माणूस. एकदा एका बड्या असामीने आपली पेटी आसनावर ठेवण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी भाडे परत करून त्यांस उतरविले. लोक त्यांस विक्षिप्त म्हणत.

अर्जाविषयी ते एकदा म्हणाले, “फादर, त्या फॉर्मात सगळे होते. गाडी किती रुपयांची, सामान किती, पगार किती बुडाला. माझे काय गेले ते लिहायला जागा होती. माझ्यामुळे कोणाचे काय गेले त्याला रकाना नव्हता.” मग थोडे थांबून, “म्हणून मी तो मिस्साच्या वहीत भरला.”

ती बाई पुढे सुटली असेल. समितीच्या एखाद्या बसने आली असेल, नवऱ्या-मुलांत नांदत असेल, व त्या पहाटेची तिला आठवणही नसेल. तसे व्हावे हीच त्यांची दर सप्टेंबरची प्रार्थना होती. तसे झाले नसेल, तर तिच्या आत्म्यास शांती लाभो, हीही. आम्ही त्यांस एकदा म्हणालो की, देवाची क्षमा अपुरी नसते, मग दर वर्षी ही मिस्सा कशासाठी? त्यांनी उत्तर दिले, “क्षमा मला मिळाली, फादर. पण तिची आठवण ठेवणारा इकडे मी एकटाच आहे. मी विसरलो तर ती पुन्हा तेथेच राहील.” सेमिनरीत आम्ही ईशज्ञानाची पुस्तके पुष्कळ वाचली, यावर देण्यासारखे उत्तर आम्हांस सापडले नाही, व आज शोधण्याची इच्छाही नाही.

भाविकहो, महोत्सवाच्या पुस्तकात कोणी देऊळ बांधिले, घंटा कोणी दिली, शाळा कोणी काढिली हे लिहितात, व ते योग्यच आहे. या अंकात तेही आहे. परंतु यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाची गोष्ट प्रभूने सांगितली, तीत धर्मगुरू व लेवी यांच्या हातून काय राहून गेले तेही सांगितले आहे. ज्या धर्मग्रामाच्या वहीत उपकारांबरोबर राहून गेलेल्या गोष्टीही लिहिलेल्या सापडतात, त्याचा इतिहास आम्ही खरा मानतो. आजही आपल्या घराघरांतून मुले-मुली आखातात जातात. परिचारिका म्हणून, चालक म्हणून, घरकामास म्हणून. त्यांनी निघताना पारपत्राची एक नक्कल घरी ठेवावी, एक आमच्यापाशी द्यावी, एवढी विनंती आम्ही या निमित्ताने करितो. कपाटाचे कुलूप कोणाच्या हाती असेल ते सांगता येत नाही.

गतवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या गृहस्थांची कन्या कचेरीत आली. आम्ही वही पुढे केली व लेखणी तिच्याच हाती दिली. तिने मागील पाने उलटून बाबांच्या काळच्या नोंदी पाहिल्या, आणि खाली तेच शब्द लिहिले : ‘वाटेत राहिलेल्या एका बहिणीसाठी.’